अंतरपाटावरची दोन नावं : ज्या लग्नांची नोंद होत नाही, त्यांचा इतिहास कसा लिहायचा?

संशोधनाचा विषय शोधायला लागलं की आपण पहिल्यांदा कुठे जातो? ग्रंथालयात, नाहीतर पुराभिलेखागारात. इतिहास म्हणजे कागद, हे बी.ए.पासून डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की कागद नसेल तर विषयच नाही असं आपण ठरवून टाकतो. पेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्नही तसाच असतो : "विषय आवडलाय, पण साधनं कुठून आणू?"

आज मी उलट बाजूने सुरुवात करतेय. समजा, तुमचा विषय असा आहे की त्याचे कागद तयारच होऊ दिले गेले नाहीत. ज्या लग्नाची नोंद कुठल्याच सरकारी रजिस्टरमध्ये होऊ शकत नाही, त्या लग्नाचा इतिहास लिहायचा कसा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार' या खटल्याचा निकाल दिला. विवाह करणं हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला विवाहाऐवजी दुसरी काही कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर मात्र ३ विरुद्ध २ अशी फूट पडली आणि बहुमत 'नाही' म्हणालं. ९ जानेवारी २०२५ ला फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. मात्र ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेजसिंग जोहर निकालानंतर प्रौढांचे संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. म्हणजे आजची स्थिती अशी आहे : दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी मांडव घालून, माळा घालून समारंभ केला तर तो गुन्हा नाही. पण कायद्याच्या दृष्टीने ते लग्नही नाही.

मग त्या समारंभाचं मागे काय उरतं? फोटो उरतात. आणि वस्तू उरतात. तोरण, अंतरपाट, मुंडावळ्या, रुखवतात मांडलेलं काहीबाही. कुणीतरी रात्री जागून, हाताने केलेलं. या वस्तूंना साधन म्हणून कसं वाचायचं, ते आज बघू.

कायद्याला कागद हवा, घराला वस्तू

आधी नेहमीच्या लग्नाचं बघा. महाराष्ट्रात विवाहनोंदणी १९९८ च्या कायद्याखाली होते. नोंदणीला गेलात तर काय मागतात? दोघांचे वयाचे नि पत्त्याचे पुरावे, फोटो, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्याची सही आणि लग्नपत्रिका. म्हणजे छापखान्यातून आलेली पत्रिका हा सरकारच्या लेखी पुरावा ठरतो. मावशीने महिनाभर बसून विणलेलं तोरण नाही.

इथे थांबून विचार करा. हाताने केलेली वस्तू सरकारसाठी कधीच पुरावा नव्हती. ती पुरावा होती घरासाठी आणि भावकीसाठी. अमक्या लग्नाला तमकीने रुखवत केलं होतं, याचा अर्थ तमकी त्या लग्नाच्या बाजूने होती. राग धरून बसलेली आत्या पत्रिकेत नाव घालू देईल, वेळ पडली तर लग्नाला येऊन अक्षताही टाकेल, पण तिने सहा महिने रुमालावर भरतकाम केलं असेल का? हातकाम म्हणजे वेळ, आणि वेळ देणं म्हणजे होकार देणं. म्हणून माझं म्हणणं असं की लग्नाची हस्तकला हे संमतीचं साधन म्हणून वाचता येतं. कोण कुणाच्या लग्नाच्या बाजूने उभं राहिलं, हे त्यात साठवलेलं असतं.

ज्या लग्नाला कायदा उभा राहत नाही, तिथे ही संमती आणखी महत्त्वाची ठरते. तिथे तोरण करणारी बाई ही साक्षीदारच असते. फक्त तिची सही कुठे घेतलेली नसते.

वस्तू एकेक करून तपासा

आता थोडं प्रत्यक्ष काम करू. मराठी लग्नातल्या वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीसमोर एकच प्रश्न लिहा : ही वस्तू दोघांना सारखी लागते, की एकालाच?

मंगळसूत्र एकीलाच. हिरवा चुडा एकीलाच. जोडवी एकीलाच. कन्यादान हा शब्दच एका बाजूचा. पण मुंडावळ्या? त्या दोघांच्याही कपाळावर बांधतात. हार दोघांच्याही गळ्यात. अंतरपाट दोघांच्या मधोमध, दोन्हीकडून तितकाच लांब.

अंतरपाटाकडे जरा जास्त वेळ बघा. साधं पांढरं कापड, त्यावर कुंकवाने काढलेलं स्वस्तिक, दोघांनी दोन टोकं धरायची. मंगलाष्टकं संपली की ते दूर होतं. हल्ली त्यावर दोघांची नावं भरतकामाने काढतात, कुणी रंगवून घेतात, कुणी जोडप्याचं चित्रही काढून घेतात. पण मूळ वस्तू बघितली तर तिच्यात 'नवरा' आणि 'नवरी' असं काही लिहिलेलं नाही. तिला फक्त समोरासमोर उभी असलेली दोन माणसं लागतात.

आणखी एक गोष्ट. अंतरपाट फक्त लग्नात धरतात का? मुंजीतही धरतात, वडील आणि बटू यांच्यामध्ये. बटूलाही मुंडावळ्या बांधतात. तुळशीच्या लग्नात तुळस आणि बाळकृष्ण यांच्यामध्ये धरतात. म्हणजे ज्या वस्तूंना आपण 'वधू-वरांच्या' म्हणतो, त्या आपल्याच घरात कितीतरी वेळा वधू-वर नसलेल्यांसाठीही वापरल्या गेल्यात. यावरून 'आपली परंपरा समलिंगी विवाहाला अनुकूल होती' असा निष्कर्ष काढू नका हं. तो फार लांबचा होईल आणि व्हायवाला तुम्हाला कुणीही अडवेल. निष्कर्ष एवढाच : या वस्तू एका नात्यातून दुसऱ्या नात्यात जाऊ शकतात. त्यांचा अर्थ वापरणाऱ्यावर अवलंबून असतो.

इगॉर कोपिटॉफने १९८६ मध्ये 'वस्तूंचं सांस्कृतिक चरित्र' अशी कल्पना मांडली होती. अर्जुन अप्पादुराईंनी संपादित केलेल्या पुस्तकात तो निबंध आहे. माणसाचं चरित्र लिहिताना आपण विचारतो ना, कुठून आला, काय काय झाला, शेवटी कुठे गेला? तेच प्रश्न वस्तूला विचारायचे. अंतरपाट कुणी शिवला, कापड कुठून आणलं, लग्नानंतर त्याचं काय झालं, आज तो कुठे आहे? या चार प्रश्नांनी तुमची अर्धी प्रश्नावली तयार होते.

हा वाद नवा नाही, दीडशे वर्षांचा आहे

"ही विवाहसमानता वगैरे बाहेरून आलेली कल्पना आहे" हे वाक्य तुम्हाला सेमिनारमध्ये ऐकू येणारच. तेव्हा हाताशी मराठी इतिहास हवा. कोण कुणाशी, कुणाच्या परवानगीने आणि कुठल्या अटींवर लग्न करू शकतो, हा वाद महाराष्ट्रात जुना आहे आणि तो प्रत्येक वेळी लग्नातल्या वस्तूंवरूनच झालाय.

२४ सप्टेंबर १८७३ ला जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. भटजी नाही, दक्षिणा नाही. सावित्रीबाई या लग्नाच्या कामात पुढे होत्या. पुढे १८८७ मध्ये जोतीरावांनी पूजाविधी आणि मंगलाष्टकांचं पुस्तकच छापलं. त्यातल्या मंगलाष्टकांत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात. बाईला तिचे हक्क मिळण्यासाठी झटेन, असं वराकडून वदवून घेतलं जातं. लक्षात घ्या, समानतेची मागणी इथे भाषणात नाही, थेट विधीत घातलेली आहे. आणि ती जिव्हारी लागली. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला भटजींशिवाय लग्नं लागली तेव्हा आपला हक्क बुडाला म्हणून जोशी कोर्टात गेले.

कायदा या सगळ्याच्या मागून धावत होता. १८७२ चा विशेष विवाह कायदा होता, पण त्याखाली लग्न करायचं तर आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती वगैरे कुठल्याच धर्माचे नाही असं लिहून द्यावं लागे. १९२३ च्या दुरुस्तीने ती अट काही धर्मांपुरती सैल झाली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ च्या सुमारास आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली. आणि १९५४ साली आजचा विशेष विवाह कायदा आला. सुप्रियो खटल्यातला वाद याच कायद्यावर होता. त्याच्या चौथ्या कलमात वयाची अट सांगताना 'पुरुष २१, स्त्री १८' असं लिहिलंय. तिथे 'व्यक्ती' असं वाचता येईल का, हा प्रश्न होता. न्यायालय म्हणालं, तो बदल संसदेने करायचा.

आता एक साधन सांगते, ज्याकडे या विषयात फार कमी जण बघतात. ४ डिसेंबर १९५६, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एका पत्रात बौद्ध विवाहविधी कसा असावा ते कळवलं. होम नाही, सप्तपदी नाही. दोघांच्या मध्ये चौरंगावर नवं मातीचं मडकं, काठोकाठ पाण्याने भरलेलं. त्यात सुती दोरा सोडायचा आणि त्याची दोन टोकं दोघांनी हातात धरायची. मंगलसुत्त म्हणायचं. दोघांचेही कपडे पांढरे.

वाचलंत? सप्तपदीत एक पुढे आणि एक मागे असतो. इथे कुणीच पुढे-मागे नाही. दोघंही उभे, दोघांच्याही हातात एकाच दोऱ्याचं एकेक टोक, दोघांचाही रंग एकच. मडकं, दोरा, पाणी. कुंभाराकडे आणि वाण्याकडे मिळणाऱ्या वस्तू. समानता वस्तूंच्या मांडणीतून कशी बोलते, याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मला मराठी इतिहासात तरी दुसरं माहीत नाही. हे पत्र एका स्त्री-पुरुष जोडप्याच्या विधीसाठी आहे, हे मी विसरत नाहीये. ते समलिंगी विवाहाबद्दल आहे असं म्हणणं चुकीचं ठरेल. माझा मुद्दा एवढाच की आपल्याकडे ज्यांना विवाहात समानता हवी होती, त्यांनी आधी मांडवातल्या वस्तू बदलल्या.

आणि समलिंगी आकर्षणाबद्दल मराठीत कधी उघड बोललंच गेलं नाही, हेही खरं नाही. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३ चाललं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी छापून उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये खटला झाला. त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण प्रश्न छापून आला होता, तो आला.

रुखवत कुणाकडून?

हातकामाचं कौतुक करता करता एक सापळा असतो, त्यात पडू नका. हाताने केलेली प्रत्येक गोष्ट प्रेमाचीच असते असं नाही.

रुखवत घ्या. मूळ अर्थ मुलीकडून वराकडे जाणारे खाद्यपदार्थ. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा शब्दकोश दोन्ही उघडून नोंदी शेजारी-शेजारी ठेवा. एका शब्दाचा प्रवास कसा बघायचा त्याचा सराव होईल. पुढे त्याचं प्रदर्शन झालं. सजवलेल्या सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, मण्यांचं तुळशीवृंदावन, क्रोशाचे रुमाल, लाडू-चिवड्याची ताटं. शेजारी भांडी, कपाट, मिक्सर. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानंतरही पुष्कळ काही या नावाखाली खपून गेलं. शिवाय 'मुलगी कामाची आहे' हे दाखवायची ती परीक्षाही होती. मुलाला कुणी कधी विचारलं का, तुला क्रोशा येतो का?

रोझिका पार्करचं 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' (१९८४) या कामाला फार उपयोगी पडतं. तिचं म्हणणं साधं आहे : भरतकामाने बाईला 'बाईपण' शिकवलं आणि त्याच भरतकामाने बाईला बोलायची जागाही दिली. इंग्लंडमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या बायकांचे झेंडे त्यांनी स्वतः शिवलेले आणि भरलेले होते. एकच सुई दोन्ही कामं करते.

आता खरा प्रश्न येतो. रुखवत मुलीकडून येतं, असं आपण म्हणतो. पण दोन मुलांच्या लग्नात 'मुलीकडचे' कोण? दोन मुलींच्या लग्नात 'मुलाकडचे' कोण? मानपान कुणाचा? पाय कुणाचे धुवायचे? विहिणींच्या पंगतीत वरचा पाट कुणाला?

हसू आलं असेल, पण संशोधनाच्या दृष्टीने हा सोन्यासारखा प्रश्न आहे. दोन्हीकडचे सारखेच ठरले की मुलीच्या बापाने झुकायचं कारणच उरत नाही. म्हणजे विवाहसमानता हा थोड्या लोकांपुरता प्रश्न आहे असं आपण समजतो, पण रुखवताच्या टेबलापाशी आलं की तो सगळ्यांचा होतो. फुल्यांच्या मंगलाष्टकांनी जिथे बोट ठेवलं होतं, तिथेच हे येऊन पोचतं.

इंद्रधनुष्यही कुणीतरी शिवलं होतं

आज समर्थन दाखवायचं तर सहा रंगांचा पट्टा येतो. तो इतका सगळीकडे दिसतो की तो आपोआप उगवला असं वाटावं. पण त्याचाही कारखाना आहे, तारीख आहे. २५ जून १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या मिरवणुकीत तो पहिल्यांदा फडकला. गिल्बर्ट बेकर आणि त्याच्या सोबत्यांनी, सुमारे तीस स्वयंसेवकांच्या मदतीने, सुती कापड कचऱ्याच्या मोठ्या डब्यांत हाताने रंगवून, शिवून तो केला. तेव्हा पट्टे आठ होते. गडद गुलाबी कापड पुरेसं मिळेना म्हणून तो पट्टा गेला. १९७९ मध्ये पट्टे समसंख्येत हवेत म्हणून आणखी एक गेला. उरले सहा. म्हणजे चिन्हाच्या इतिहासात विचार जेवढा असतो, तेवढंच कापडाचं दुकानही असतं.

हेच इथे लावा. वस्तूवर तारीख नसते, पण साहित्यावरून काळाचा अंदाज बांधता येतो. एक ढोबळ खूण सांगते. महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली. थर्माकोल त्या दिवशी बाजारातून गायब झाला नाही हे खरं, पण तिथून पुढे कागद, कापड, फोमशीट, लोकर यांच्याकडे कल वाढायला एक ठोस कारण मिळालं. आणि योगायोग बघा, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जोहर निकाल आला. एखाद्या तोरणात काय वापरलंय आणि काय टाळलंय हे बघताना या दोन्ही तारखा डोक्यात ठेवा.

समर्थन वस्तूत तीन प्रकारे उतरू शकतं. पहिला प्रकार रंगाचा : मोत्यांच्या जागी सहा रंगांचे मणी, तोरणात सहा रंगांची लोकर. दुसरा नावांचा : अंतरपाटावर दोन मुलींची किंवा दोन मुलांची नावं, बाकी सगळं नेहमीसारखं. तिसरा मांडणीचा : दोघांना सारख्याच मुंडावळ्या, दोन्हीकडून एकेक रुखवत. पहिला प्रकार लांबून दिसतो, तिसरा जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. रंग बघून समर्थन मोजायला गेलात तर फक्त पहिला प्रकार सापडेल आणि तुमचे निष्कर्ष लंगडे पडतील. ज्या घरात धोका जास्त, तिथे समर्थन शांतपणे तिसऱ्या प्रकाराने येण्याची शक्यता जास्त. शिवाय स्वतःचं लग्न कायद्यात बसणारं असूनही मांडवात मैत्रिणीसाठी, भावासाठी असा एखादा रंग लावणारेही असतात. त्यांची नोंद वेगळी ठेवा. स्वतःचा हक्क मागणं आणि दुसऱ्याच्या हक्काला साथ देणं, ही इतिहासात दोन वेगळी कामं आहेत.

संत तुकाराम नगरात काम करायचं ठरवलं तर

"मग यासाठी मुंबई-पुण्यात जावं लागेल का?" असं विचाराल. माझं मत उलटं आहे. पिंपरीतलं संत तुकाराम नगर घ्या. एका बाजूला वायसीएम रुग्णालय, दुसरीकडे डी. वाय. पाटील महाविद्यालयाचा परिसर, पलीकडे वल्लभनगरचं एसटी आगार, आणि ६ मार्च २०२२ पासून मेट्रोचं स्टेशन. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, पुढे एमआयडीसी आली आणि कामासाठी साताऱ्यापासून मराठवाड्यापर्यंतची, खानदेश-विदर्भातली माणसं या पट्ट्यात येऊन राहिली. प्रत्येकाने आपापल्या लग्नाच्या रीती सोबत आणल्या. एकाच मजल्यावर कुणाकडे बाशिंग, कुणाकडे मुंडावळ्या, कुणाकडे मडकं आणि पांढरा दोरा. सजावटीचं सामान मात्र सगळे पिंपरी कॅम्पातून, शगुन चौकाच्या आसपासहून आणतात. रीती वेगळ्या, दुकान एक. वस्तूंचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगली जागा कुठली?

शिवाय या शहराची आणखी एक नोंद आहे. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं. सुप्रियो निकालातही एक गोष्ट सर्व न्यायमूर्तींनी मान्य केली : ट्रान्सजेंडर व्यक्ती स्त्री-पुरुष नात्यात असेल तर आजच्याच कायद्यांखाली लग्न करू शकते. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच अरुणकुमार खटल्यात तसं म्हटलं होतं. म्हणजे 'कायद्याबाहेरची लग्नं' असा एकच गठ्ठा करू नका. काहींची नोंद होऊ शकते, काहींची नाही. तुमच्या आराखड्यात हा फरक पहिल्याच पानावर हवा.

महाराष्ट्रात असे समारंभ झालेत, बातम्यांत आलेत. डिसेंबर २०१७ मध्ये यवतमाळला दोन पुरुषांचा विवाहसोहळा झाला, तेव्हा कलम ३७७ अजून लागू होतं. डिसेंबर २०२१ मध्ये नागपुरात दोन महिला डॉक्टरांनी अंगठ्या बदलून एकमेकींना वचन दिलं. वर्तमानपत्रांनी कुणी लग्न केलं ते सांगितलं. मंडप कुणी सजवला, हार कुणी गुंफले, कोण आलं नाही, हे विचारणं इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम आहे. पुण्यात समपथिक ट्रस्टने २०११ मध्ये पहिली अभिमान पदयात्रा काढली. त्यानंतरच्या वर्षांत हाताने रंगवलेले किती फलक घराघरांत गेले असतील! ते कुठल्या संग्रहालयात मागणार?

जपून

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे मी शेवटी लिहितेय, पण तुम्ही ते सगळ्यात आधी करायचंय.

दोन नावं असलेला अंतरपाट हा तुमच्यासाठी पुरावा आहे. पण तो चुकीच्या हातात पडला तर त्या दोघांविरुद्धही पुरावाच आहे. घरमालक, ऑफिस, गावाकडची भावकी, कुणालाही. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवस आधी नोटीस लागते, त्यामुळे आंतरजातीय जोडप्यांवर काय काय ओढवलं हे तुम्ही वाचलं असेल. नाव उघड होणं म्हणजे काय, ते तिथून शिका. म्हणून :

नाव टिपू नका, खुणेचा क्रमांक द्या. फोटो काढायचाच असेल तर नावाचा भाग सोडून काढा, आणि फोनच्या फोटोत जागा नि वेळ नोंदली जाते ती आधी बंद करा. 'संत तुकाराम नगर, स्टेशनसमोरची इमारत, नर्स' एवढ्या तीन शब्दांत माणूस ओळखता येतो, तेव्हा प्रबंधात तिन्ही एकत्र लिहू नका. आणि ज्या आईने तोरण केलंय तिने ते घरात सगळ्यांना सांगूनच केलं असेल असं धरून चालू नका. तिची संमती वेगळी घ्या, जोडप्याची वेगळी. एखाद्याने नंतर फोन करून "ते काढून टाका" म्हटलं तर काढायचं. प्रकरण अपुरं राहिलं तरी चालेल.

"मग एवढं करून हाती काय लागणार?" हेही विचाराल. एक उदाहरण देते. सुप्रियो निकालानंतर केंद्राने समिती नेमली आणि २०२४ मध्ये काही पत्रकं निघाली : एकत्र राहणाऱ्या समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातले धरावं, संयुक्त बँक खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला अडचण नाही. छोट्या गोष्टी आहेत. पण 'एक कुटुंब' हे शब्द सरकारी कागदावर आले. आणि उद्या संसदेत हा प्रश्न आलाच, तर 'आपल्या समाजात याला आधार कुठे आहे?' हे विचारलं जाईलच. त्याचं उत्तर न्यायालयाच्या निकालांत मिळणार नाही. ते कुणाच्या तरी माळ्यावर, जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेल्या तोरणात आहे. ते करणारी बाई आज साठीची असेल. तिच्याशी बोलायला अजून वेळ आहे, पण फार नाही.

म्हणून या आठवड्यात एवढं करा. आपल्याच घरातली लग्नाची एक वस्तू काढा, हाताने केलेली. कुणी केली, साहित्य कुठून आणलं, त्या लग्नाला कोण आलं नव्हतं आणि का, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. एक पान लिहा. आपल्या घरातल्या 'सरळ' लग्नामागेही किती होकार-नकार दडलेत ते कळलं, की मग दुसऱ्याच्या दारावर थाप मारायला तुम्ही तयार झालात असं समजा.